मदत हवी आहे: मांजरीनं तीन पिल्लं नेली, एक मागं राहिलंय

नमस्कार. आम्ही परभणीजवळच्या खेड्यात राहतो. माळवदाच्या खोलीत सोयाबीनच्या पोत्यांमागं मांजर व्यालीय. आज सकाळी पोती हलवायची होती म्हणून मी चारही पिल्लं हातानं उचलून खोक्यात, जुन्या लुगड्यावर ठेवली. डोळे अजून मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले. तळहातावर मावतात.

दुपारी मांजर आली, हुंगलं आणि एकेकाला मानगुटीला धरून तीन पिल्लं कडब्याच्या गंजीत नेली. सगळ्यात बारकं तिथंच आहे. आजी म्हणते, माणसाचा वास लागला की मांजर पिल्लू टाकते. मला पटत नाही. हात तर चौघांनाही लागला होता. पिल्लांना सात घरं फिरवणं तर तिच्या रक्तातच आहे. पण चार तास झाले, ती फिरकली नाही. पिल्लू गार पडायला लागलं म्हणून गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवलीय. गाईचं दूध दिलं नाही, त्यानं हगवण लागते.

मी स्वतः नेऊन गंजीपाशी ठेवू का, की वाट बघू? रात्री कुत्री फिरतात, जीव थाऱ्यावर नाही. ती आलीच नाही तर काय पाजायचं, किती वेळानं? कुणी एवढं लहान पिल्लू हातावर जगवलं असेल तर लवकर सांगा.