अनुभव धागा: बंडखोर मुली तुम्हाला कुठे भेटल्या?

उद्याच्या काळातली जुलमी राजवट आणि तिच्यापुढे उभी ठाकलेली पंधरा-सोळा वर्षांची पोर. अशा कादंबऱ्या वाचताना तुमच्या आत काय ढवळलं, ते लिहा. कथानक नको, तुमचा प्रसंग हवा. सुरुवात मी करते.

'द हंगर गेम्स' (२००८) मी लेकीच्या हट्टापायी वाचली. त्यात राजवट दरवर्षी चिठ्ठ्या काढून मुलामुलींना जिवावरच्या झुंजीत उतरवते. बहिणीची चिठ्ठी निघते तेव्हा नायिका कॅटनिस तिच्या जागी पुढे होते, त्याबद्दल सगळेच बोलतात. मी अडकले चिठ्ठ्यांच्या हिशोबात. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी, पुढे दरवर्षी एकेक वाढती. घरात दाणा नसेल तर जादा चिठ्ठी टाकायची आणि बदल्यात एका माणसापुरतं धान्य-तेल न्यायचं. सोळाव्या वर्षी कॅटनिसच्या चिठ्ठ्या २०. हे मोठ्याने वाचत होते, तर लेक म्हणाली, "आणि महापौरांच्या मुलीच्या पाच." त्या रात्री पुढचं पान उलटवेना.

* * *

मी पंधराची असताना वसतिगृहात रोजनिशी वॉर्डनबाईंना दाखवावी लागे. आम्ही दहाजणींनी ठरवून आठवडाभर एकच वाक्य लिहिलं, 'आज काही घडलं नाही.' बाईंनी तासभर उभं केलं, पण कल्पना कुणाची हे कुणीही फोडलं नाही. शेजारची मुलगी थरथरत होती, तिची करंगळी माझ्या करंगळीत अडकवलेली. पुढे या कादंबऱ्या वाचल्या तेव्हा कॅटनिसचा धनुष्यबाण परका वाटला, ती करंगळी मात्र आठवली.

* * *

शिक्षक म्हणून मला एकटीने राजवट उलथवणारी नायिका खटकते. खरं बळ घोळक्यात असतं. 'द हंगर गेम्स'मधली तीन बोटांची खूण थायलंडमध्ये २०१४च्या लष्करी उठावानंतर निदर्शकांनी उचलली आणि त्यापायी लोकांना ताब्यातही घेतलं गेलं. २०२० साली तिथल्या शाळकरी मुलामुलींनी सकाळी राष्ट्रगीताच्या वेळी तीच बोटं वर केली, पांढऱ्या फिती बांधल्या. केस किती लांब ठेवायचे, या शाळेच्या नियमावरही त्यांचा राग होता. २०२१मध्ये म्यानमारच्या रस्त्यांवरही ती खूण दिसली. वर्गात हे सांगितलं, तेव्हा एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, सुरुवात केसांपासून झाली तरी चालते."

* * *

'द हंगर गेम्स'मधली रू, झुंजीतली कॅटनिसची छोटी साथीदार, मेली तिथे मी पुस्तक मिटलं. ती बारा वर्षांची, माझी धाकटीही तेव्हा बाराचीच. कॅटनिस तिच्याभोवती फुलं रचते, ते पान मी महिन्याभराने वाचलं, धाकटीला शेजारी बसवून.