कारखान्यात व्हॉट्सॲप ग्रुपऐवजी अंतर्गत मायक्रोब्लॉग: खरंच उपयोग होतो का?

तिसरीपाळी

भोसरीत एक प्लांट, साताऱ्याच्या एमआयडीसीत दुसरा, पुण्यात छोटं ऑफिस. मशीनिंगचं काम, सगळी मिळून १४० माणसं. सध्या निरोपानिरोपी ३०-३५ व्हॉट्सॲप ग्रुपवर चालते, शिवाय रोज संध्याकाळी प्रॉडक्शन रिपोर्टचा ईमेल. ईमेल कोणी उघडत नाही आणि ग्रुपवर टाकलेलं दुसऱ्या दिवशी सापडत नाही. कंपनीच्या आतल्या आत ट्विटरसारखं काही सुरू करावं, म्हणजे छोट्या नोंदी, सगळ्यांना दिसतील अशा, असा विचार चाललाय. मालकांचा सवाल सरळ आहे: "यातून पैसे कुठे वाचणार? पोरांना टाइमपासला अजून एक ॲप."

फायदा नेमका कशात धरायचा आणि मोजायचा कसा? सुरुवात कुठून करायची? ऑपरेटरकडे कंपनीचा ईमेल नाही, त्यांच्या लॉगिनचं काय? स्वतःच्या सर्व्हरवर ठेवावं की विकत घ्यावं? आणि बराचसा मजकूर मराठीत असेल, त्याने कुठे अडतं का?

शून्यप्रहर

"संवाद वाढेल" असं मालकांना सांगू नका. संवाद तुमच्याकडे रग्गड आहे, पस्तीस ग्रुप आहेत! अडचण अशी की ज्याला माहिती लागते तो नेमका त्या ग्रुपमध्ये नसतो. फोन, ईमेल, ग्रुप या तिन्हींत लिहिणाऱ्याला आधी ठरवावं लागतं की हे कोणाला सांगायचं. मायक्रोब्लॉगमध्ये ते ठरवावं लागत नाही, आणि सगळा फायदा तिथून येतो. समजा नवीन कूलंटमुळे (मशीन थंड ठेवणारं द्रव) भोसरीत मशीनचे वायपर सील फुगायला लागले. तिथला फिटर त्यासाठी साताऱ्याला फोन करणार नाही, कारण तिकडेही तेच कूलंट उतरलंय हे त्याला माहीतच नसतं. नोंद सगळ्यांना दिसत असली तर साताऱ्याचा स्टोअरवाला ती वाचून सील आधीच मागवून ठेवतो.

ही कल्पना जुनीच आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या लेखात मांडलं होतं की नवी माहिती जवळच्या माणसांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त मिळते, कारण जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. कामाच्या ठिकाणच्या ट्विटरवर झाओ आणि रॉसन यांचा २००९ चा अभ्यास आहे. मुलाखती फक्त ११ जणांच्या, त्यामुळे आकडे म्हणून त्याचा उपयोग नाही, पण निरीक्षण चोख आहे: ज्या गोष्टीसाठी माणूस ईमेल लिहिणार नाही किंवा कोणाच्या टेबलापर्यंत उठून जाणार नाही, ती तो दोन ओळींत टाकून मोकळा होतो.

प्रत्यक्ष चाललेलं उदाहरण हवं असेल तर वर्डप्रेस डॉट कॉमवाल्या ऑटोमॅटिक कंपनीचं बघा. माणसं निरनिराळ्या देशांत. त्यांनी जानेवारी २००८ मध्ये प्रोलॉग नावाची थीम (वर्डप्रेसच्या पानाचा तयार साचा) काढली आणि २००९ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती पी२. पानाच्या माथ्यावर लिहायची चौकट, खाली नोंदी, प्रत्येक नोंदीखाली तिच्यापुरती चर्चा आणि प्रत्येक नोंदीला कायमचा पत्ता. या शेवटच्या दोन गोष्टी चॅटमध्ये नसतात किंवा अर्ध्याच असतात. दीड वर्षाने "ही टूल का बदलली?" असं कोणी विचारलं की पत्ता चिकटवायचा, काम झालं.

आता सुरुवात. अख्ख्या कंपनीत एकदम उघडू नका. दोन-तीन विभागांतून जाणारं एकच काम धरा. तुमच्यासाठी ब्रेकडाउन सगळ्यात योग्य: ऑपरेटर, मेंटेनन्स, स्टोअर, पर्चेस. २५-३० माणसं, सहा आठवडे. पहिल्याच दिवशी जाहीर करा की अमुक तारखेपासून ब्रेकडाउनचे ग्रुप बंद आणि संध्याकाळच्या ईमेलमधला तो भागही बंद. जुनं चालू ठेवून त्यावर नवं चढवलं की माणसाला तेच दोनदा लिहावं लागतं. असे प्रयोग सगळ्यात जास्त इथेच मरतात, सॉफ्टवेअर कुठलंही असो.

नोंदीचा साचा तीनच भागांचा ठेवा: काय झालं, आत्ता काय केलंय, कोणाकडून काय हवंय. उदाहरणार्थ: "सीएनसी ७, स्पिंडल बेअरिंग आवाज करतंय, हाताला गरम लागतंय. फीड कमी करून चालू ठेवलंय. @स्टोअर बेअरिंग शिल्लक आहे का? #सीएनसी७". नुसता फोटो चालणार नाही, खाली एक ओळ पाहिजेच, कारण फोटो शोधता येत नाही.

चॅनेल सुरुवातीला पाच-सहा पुरेत, आणि तेही विभागवार नकोत. विभागवार केले की जुन्या भिंती नव्या ॲपमध्ये जशाच्या तशा उभ्या राहतात. ब्रेकडाउन, क्वालिटी रिजेक्शन, डिस्पॅच असे कामावरून ठेवा. पगार, तक्रारी, ग्राहकाची ड्रॉइंग आणि कोटेशन यांना तिथे बंदी, बाकी सगळं सगळ्यांना दिसू द्या. नोटिफिकेशन मूळ सेटिंगमध्ये बंद ठेवा. स्वतःचं नाव आलं तरच फोन वाजला पाहिजे, तोही शिफ्टच्या वेळेत. नाहीतर आठवड्याभरात माणसं ॲप म्यूट करतात आणि मग खरा निरोपही पोचत नाही.

मोजणं: किती पोस्ट, किती लाइक हे मालकांना दाखवायचंच नाही. मेंटेनन्स रजिस्टरमधून आधीच्या चार आठवड्यांच्या ब्रेकडाउनच्या चार वेळा काढा: मशीन थांबलं, मेंटेनन्सला कळलं, स्पेअर हातात आला, मशीन सुरू झालं. पहिल्या तीन वेळांमधली दोन अंतरं तेवढी या साधनाने कमी होऊ शकतात. दुरुस्तीला लागणारा वेळ होत नाही, तो हिशेबात धरलात तर खोटं यश किंवा खोटं अपयश दिसेल. रजिस्टरमध्ये दुसरी-तिसरी वेळ लिहीतच नसतील (बऱ्याच ठिकाणी लिहीत नाहीत), तर आधी महिनाभर ती लिहायला लावा आणि मग सुरू करा.

पाटावरवंटा

वरच्या प्रतिसादाला +१. एकच भर: ईआरपी (कंपनीचं हिशेब-स्टॉकचं सॉफ्टवेअर) किंवा मशीनकडून आपोआप येणाऱ्या नोंदी माणसांच्या चॅनेलमध्ये सोडू नका. प्रत्येक अलार्मची पोस्ट पडायला लागली की माणसांनी लिहिलेलं त्याखाली गाडलं जातं. वेगळं चॅनेल करा आणि १५ मिनिटांपेक्षा जास्त थांबलेल्या मशीनचीच नोंद जाईल अशी मर्यादा घाला. आणि "रोज प्रत्येकाने एक पोस्ट टाकलीच पाहिजे" असा फतवा काढू नका, सुप्रभात आणि गुलाबाची फुलं सुरू होतील. वेबसाइटच्या वापराचा अभ्यासक जेकब नील्सनने २००६ मध्ये मांडलेला ढोबळ आडाखा आहे: ऑनलाइन समूहात ९० टक्के नुसते वाचतात, ९ अधूनमधून लिहितात, १ टक्का सतत. नोकरीच्या ठिकाणी प्रमाण बरं असू शकतं, पण वाचणाऱ्याला आळशी समजू नका. वर सील मागवणारा स्टोअरवाला वाचणाराच आहे.

रफार

मराठीने अडतं का, तर हो, आणि अडलेलं पटकन लक्षात येत नाही.

पहिलं हॅशटॅग. पुष्कळ सॉफ्टवेअर शब्द कुठे संपला हे ठरवताना अक्षरं धरतात पण मात्रा, अनुस्वार, हलन्त धरत नाहीत. युनिकोडमध्ये ती अक्षरं नसून जोडचिन्हं आहेत. मग #देखभाल लिहिलं की टॅग होतो नुसता #द. विकत घेण्याआधी चाचणी खात्यावर #देखभाल, #दुरुस्ती आणि #दुसऱ्यापाळी असे तीन टॅग टाकून क्लिक करून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरं, एकच शब्द दोन प्रकारे साठवला जातो. "दुसऱ्या" मधला ऱ्य काही कीबोर्ड नुक्त्याच्या ऱ ने लिहितात, काही साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच, शोधाला मात्र वेगळे. "ॲ" चंही तेच: एक अखंड अक्षर आणि दुसरं अ वर चंद्र चढवलेलं. अंकांचंही तसंच, इंग्रजी सात आणि देवनागरी सात शोधाच्या दृष्टीने दोन निराळी चिन्हं. एकाने एक वापरायचं आणि दुसऱ्याने दुसरं, की एका मशीनचा इतिहास दोन तुकड्यांत विभागतो.

तिसरं, सामान्यरूप. "पाणी" शोधलं तर "पाण्यात" सापडत नाही, कारण बहुतेक शोधयंत्रांना मराठीची विभक्ती कळत नाही. झुलिप (स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येणारं टीम-चॅट सॉफ्टवेअर) घेणार असाल तर त्याचा मूळ शोध इंग्रजीसाठी बेतलेला आहे. पीजीग्रूंगा हे पोस्टग्रेसचं (झुलिप वापरतं त्या डेटाबेसचं) एक्स्टेन्शन बसवलं की इतर लिपींतला शोध सुधारतो. "पाण्यात"चा प्रश्न मात्र त्यानेही सुटत नाही.

त्यावर उपाय एकच, मशीनच्या पाटीवर जो कोड ठोकलाय तोच, त्याच लिपीत, प्रत्येक नोंदीत. बाकी मजकूर हवा तसा लिहू द्या. शुद्धलेखन सुधारायला बसलात तर फिटर लिहिणं थांबवेल. बोलून टाइप करणं मराठीत बऱ्यापैकी चालतं, पण मशीनच्या आवाजात नाही, त्यासाठी दाराशी जागा शोधा.

जाता जाता: ट्विटरची जुनी १४० अक्षरांची मर्यादा एसएमएसवरून आली होती, १६० पैकी २० वापरकर्त्याच्या नावाला. तोच एसएमएस देवनागरीत लिहिला तर ७० अक्षरांत संपतो. तेव्हा मर्यादा घालायचीच तर इंग्रजी आकडा उचलू नका. ४००-५०० ठेवा.

कोरडवाहू

थोडा विरोधी सूर लावतो. सॉफ्टवेअर बदलल्याने सवय बदलते यावर माझा फारसा विश्वास नाही. ॲटॉस या फ्रेंच आयटी कंपनीचे तेव्हाचे प्रमुख थिएरी ब्रेतॉं यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये जाहीर केलं की तीन वर्षांत अंतर्गत ईमेल शून्यावर आणू. २०१२ मध्ये त्यासाठी ब्लूकिवी ही सोशल सॉफ्टवेअरची कंपनीच विकत घेतली. ईमेल बरेच घटले, शून्य झाले नाहीत. हजारो माणसं आणि प्रमुखाचा एवढा रेटा असताना ही गत, तर तुम्ही ब्रेकडाउनपुरतंच ध्येय ठेवा.

विकत घ्यायचं तर दुकान बंद होण्याचाही विचार करा. फेसबुकचं वर्कप्लेस, म्हणजे कंपन्यांच्या आतल्या वापरासाठीचं फेसबुक, ऑक्टोबर २०१६ मध्ये आलं, मे २०२४ मध्ये बंद करत असल्याची घोषणा झाली, आणि ३१ ऑगस्ट २०२५ नंतर तिथे नव्याने लिहिणं थांबलं. यामर हे कंपनीअंतर्गत मायक्रोब्लॉग सप्टेंबर २००८ चं, मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये १२० कोटी डॉलरला घेतलं, २०२३ मध्ये ते व्हिवा एंगेज झालं. स्लॅक या ऑफिस-चॅटच्या फुकट योजनेत सप्टेंबर २०२२ पासून ९० दिवसांपलीकडचं दिसत नाही, म्हणजे "मागच्या पावसाळ्यात काय केलं होतं" या प्रश्नाला तिथे उत्तर नाही. म्हणून पहिल्याच महिन्यात सगळा डेटा बाहेर काढून दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. फाइल उतरली यावर समाधान मानू नका. नोंदीखालची चर्चा आणि फोटो तिच्याशी जोडलेले राहिले का ते तपासा.

व्हॉट्सॲपबद्दल मात्र शून्यप्रहरशी सहमत. ग्राहकाच्या ड्रॉइंगचे फोटो माणसाच्या खासगी फोनमध्ये बसतात आणि नोकरी सुटली की त्याच्याबरोबर जातात. मालकांना कदाचित हाच मुद्दा सगळ्यात आधी पटेल.

तिसरीपाळी

फार उपयोगी. दोन शंका उरल्या. स्वतःच्या सर्व्हरवर झुलिप ठेवलं तर मशीन केवढं लागेल आणि ऑपरेटरचं लॉगिन कसं करायचं? आणि कामगार विचारतील की खासगी मेसेज ऑफिसला दिसतात का, त्यांना काय सांगायचं?

शून्यप्रहर

१०० च्या वर माणसं असतील तर ४ जीबी रॅम आणि २ सीपीयू ही झुलिपची शिफारस आहे. फोटो बरेच पडणार, म्हणून डिस्क सढळ घ्या. रोजचा बॅकअप दुसऱ्या जागी, भोसरीचा सर्व्हर असेल तर बॅकअप साताऱ्याला. स्वतःच्या सर्व्हरवर असलं तरी मोबाइलवरची नोटिफिकेशन त्यांच्याच सेवेतून जातात, आणि १० पेक्षा जास्त माणसांच्या व्यावसायिक संस्थेला त्यासाठी पैसे पडतात. खर्चाचा कागद करताना ही ओळ हमखास राहून जाते.

लॉगिनसाठी खऱ्या मेलबॉक्सची गरज नाही. कंपनीच्या डोमेनखाली एक उपडोमेन करा, तिथे येणारी सगळी पत्रं एकाच पेटीत पडतील असं ठेवा, आणि प्रत्येकाला हजेरी क्रमांकावरून पत्ता द्या. पासवर्ड विसरला की दुरुस्तीची लिंक त्या पेटीत येते, आयटीवाला ती देतो. ती पेटी कोणाच्या हातात आहे याची मात्र नोंद ठेवा, कारण ज्याच्याकडे पेटी त्याला कोणाचंही खातं उघडता येतं. शॉपफ्लोअरवर सामायिक टॅब लावायचा तर "लाईन ३" असं एकच खातं करायचा मोह होतो. तसं केलंत की कोणी लिहिलं ते कळत नाही आणि उलट प्रश्न विचारायला माणूस सापडत नाही. वेगळी खाती शक्यच नसतील तर नोंदीच्या शेवटी हजेरी क्रमांक लिहायची सवय लावा.

खासगी मेसेजबद्दल खरं तेच सांगा. व्हॉट्सॲपचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्ट असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कोणाला वाचता येत नाहीत, इथे ते सर्व्हरवर साठतात आणि ज्याला डेटाबेस उघडता येतो त्याला ते वाचता येतात. कोण, कोणत्या कारणासाठी, कोणाच्या लेखी परवानगीने बघू शकेल हे अर्ध्या पानावर मराठीत लिहून नोटीस बोर्डावर लावा, आणि ते ॲप सुरू होण्याआधी लावा. शक्य असेल तर वैयक्तिक मेसेज बंदच ठेवा. झुलिपमध्ये तशी सोय आहे, आणि तुम्हाला नोंदी उघड्यावर हव्याच आहेत.

वरची माणसं लिहीत नाहीत हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो येणार. प्लांट हेडने रोज स्वतःहून लिहायची गरज नाही. त्यांना फोनवर कोणी ब्रेकडाउनचं विचारलं की "तिथे टाक, तिथे उत्तर देतो" एवढं म्हणायचं आणि खरोखर तिथे उत्तर द्यायचं. फोनवर उत्तर मिळत राहिलं तर कोणी लिहिणार नाही.

शिवाय आठवड्यातून एकदा, शनिवारी अर्धा तास, कोणीतरी एकाने ठरलेल्या गोष्टी उचलून कामाच्या सूचनापत्रात घालायच्या. नोंदी वाहून जातात, टॉर्कचा बदललेला आकडा त्यात राहता कामा नये. आणि नोकरी सोडणाऱ्याचं खातं पुसू नका, निष्क्रिय करा. पुसलं तर जुन्या नोंदींवरचं नाव जातं आणि हे कोणी ठरवलं होतं त्याचा पत्ता लागत नाही.