मदत हवी आहे: गॅरेजवाल्याने भाडं थांबवलंय, गाळा कसा मोकळा करायचा? (सांगली)

विश्रामबागची लेक

नमस्कार मंडळी,

प्रश्न वडिलांच्या गाळ्याचा आहे. सांगलीत शंभर फुटी रोडजवळ आमचं घर, आणि पुढच्या बाजूला रस्त्याला लागून एक शटरचा गाळा. मुळात ते आमच्याच मोटारीचं गॅरेज. मोटार विकल्यावर आप्पांनी ते एका टू-व्हीलर मेकॅनिकला भाड्याने दिलं. २०१७ साली शंभराच्या स्टॅम्पवर ११ महिन्यांचा करार, नोटरी केलेला. त्यानंतर नवा कागद नाही, तोंडी चालू. भाडं ६,५०० रुपये, डिपॉझिट ४०,०००.

माणूस कामाला चांगला आहे, खोटं कशाला बोलू. २०१९ च्या महापुरात त्याचं बरंच सामान भिजलं तेव्हा आप्पांनी आपणहून दोन महिन्यांचं भाडं सोडलं. कोरोनात उशीर झाला, पण नंतर त्याने पै न् पै चुकती केली. गेल्या दिवाळीपासून मात्र एक रुपया नाही. "आप्पा, पुढच्या सोमवारी नक्की" एवढंच. कारण सांगतो की बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्यांचा बिघाड शोधायला स्कॅनर लागतो, तो आपल्याकडे नाही, गिऱ्हाईक कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातं. ते खरंही असेल. पण शटर रोज अकराला उघडतं, हाताखाली पोऱ्या आहे, आणि जळक्या ऑईलचे डबे आता आमच्या जिन्याखाली येऊन बसलेत. सबमीटर आहे, मेन मीटर आप्पांच्या नावावर, त्यामुळे त्याच्या लाईटचे पैसेही आम्हीच भरतोय.

मामा म्हणतात, रात्री आपलं कुलूप घाल, विषय संपला. पोलीस चौकीत विचारलं तर ही दिवाणी बाब आहे म्हणाले. आणि मेकॅनिक परवा आप्पांना म्हणाला, "कोर्टात जावा की, दहा वर्षं निघतील." हे ऐकल्यापासून आप्पा जेवताना गप्प असतात. वय ७४.

आता नेमकं काय करायचं? डिपॉझिट भाड्यात वळतं करून घेता येईल का? आणि आत गिऱ्हाइकांच्या सात-आठ गाड्या पडून आहेत, काही तर वर्षभर कुणी न्यायलाच आलेलं नाही. उद्या गाळा रिकामा करायची वेळ आली तर त्यांचं काय?

कुपवाडकर

ताई, एवढा विचार कशाला? सबमीटरची वायर काढा. अंधारात गाडी कशी खोलतोय बघू. आठ दिवसांत गपगुमान पैसे आणून देतोय की नाही सांगा.

काळा कोट

कुपवाडकर, असले सल्ले देऊन लोकांना गोत्यात आणू नका राव.

ताई, कुलूप आणि लाईट, दोन्हींचा नाद सोडा. गाळा आप्पांचा असला तरी ताबा मेकॅनिकचा आहे. भाडेकरूची वीज-पाणी तोडायला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २९ मध्ये मनाई आहे. आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय बाहेर काढलं तर स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टच्या कलम ६ खाली तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात मालक कोण हे बघतच नाहीत. म्हणजे भाडं थकवलं त्याने आणि उत्तरं देत बसायचं तुम्ही. मामांना हे वाचून दाखवा.

भाडे नियंत्रण कायदा धंद्याच्या जागेलाही लागतो, आणि घराला लागून असलेलं गॅरेज त्यात येतं. थकलेल्या भाड्यासाठी कलम १५ बघायचं. आधी लेखी मागणीची नोटीस, ती त्याला पोचल्यापासून ९० दिवस थांबायचं, तरी भरलं नाही तर ताब्याचा दावा. सांगलीत तो दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे लागतो, विजयनगरला. तोंडी मागण्या कितीही केल्या तरी ते ९० दिवस सुरूच होत नाहीत. तुमचा "पुढचा सोमवार" त्याला फुकट पडतोय तो त्यामुळेच.

नोटीस आप्पांच्या नावाने, वकिलामार्फत जाऊ दे. कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, दर काय, एकूण किती, सगळं स्वच्छ लिहा. आकडा फुगवू नका. कधी न ठरलेली भाडेवाढ, लाईटबिल, मनस्ताप असं सगळं एकाच बेरजेत कोंबलं की समोरचा वकील त्यातच खेळत बसतो. लाईटचे पैसे वेगळे दाखवा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टातच गेलंय, तर नोंदणी आणि पोचपावती दोन्ही मागून घ्या, आणि गाळ्याच्या व त्याच्या घरच्या अशा दोन्ही पत्त्यांवर पाठवा. तो घ्यायलाच तयार नसेल, घरचंही कुणी घेत नसेल, तर शेवटी शटरवर चिकटवून फोटो काढायचा.

आता कडू भाग. दावा लागल्यावर समन्स पोचलं की त्याला आणखी ९० दिवस मिळतात. तेवढ्यात त्याने सगळी थकबाकी, त्यावर १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च कोर्टात भरला, आणि निकालापर्यंत भाडं नियमित भरत राहिला, तर थकबाकीच्या कारणावर ताबा मिळत नाही. म्हणून आधी घरात बसून ठरवा, पैसे हवेत की गाळा. गाळाच हवा असेल आणि तुम्हाला तो खरोखर स्वतःच्या वापरासाठी लागत असेल, तर कलम १६ मध्ये ते वेगळं कारण आहे. पण ते कोर्टात पुराव्याने दाखवावं लागतं, नुसतं म्हणून चालत नाही.

कराराचं: महाराष्ट्रात ११ महिन्यांचा असला तरी करार नोंदवावाच लागतो, आणि ती जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाची. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. कागद नोंदवलेला नसला की अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. उद्या तो भाडं ३,००० होतं म्हणाला तर? त्यामुळे पासबुकातल्या नोंदी, फोनवरून आलेल्या पैशांचे स्क्रीनशॉट, पावत्यांची स्थळप्रत, जे असेल ते आजच गोळा करा. करारावर 'लिव्ह अँड लायसन्स' (म्हणजे जागा वापरायची नुसती परवानगी) लिहिलंय की भाडेकरार, तेही बघा. लायसन्सची मुदत संपली की सक्षम प्राधिकाऱ्याकडे झटपट अर्ज करायची जी सोय आहे ती फक्त राहत्या जागेसाठी. गाळ्याला ती नाही.

डिपॉझिट तोंडी वळतं करू नका. तसं केलंत तर तो थकबाकीच नव्हती म्हणून उभा राहील. हिशेब ताबा मिळताना करायचा.

विश्रामबागची लेक

खूप आभार, दादा. करारावर भाडेकरार असंच आहे. पैसे बँकेत यायचे, त्यामुळे ६,५०० च्या नोंदी सापडल्या. मामांना वाचून दाखवलं, ते "आमच्या वेळी असलं नव्हतं" म्हणून उठून गेले.

एक नवीनच झालंय. काल त्याने फोनवरून २,००० रुपये टाकले आणि खाली लिहिलं 'भाडे या महिन्याचे'. हे परत पाठवू का? घेतले तर मागचं माफ केलं असा अर्थ निघेल?

काळा कोट

परत पाठवू नका. लगेच लेखी उत्तर द्या, 'रु. २,००० मिळाले, तुम्ही लिहिल्याप्रमाणे या महिन्याच्या भाड्यापोटी जमा केले, मागची थकबाकी माफ केलेली नाही, बाकी एवढी'. त्याची पावतीही फाडा, भाड्याची पावती देणं मालकावर सक्तीचं आहे. नोटिशीत ही रक्कम वजा दाखवायची. आणि उशीर करू नका, तीन वर्षांपेक्षा जुनं भाडं दाव्यात वसूल होत नाही. तुमची थकबाकी अजून ताजी आहे.

मिरजेचा घरमालक

ताई, कायद्याचं वर आलंच आहे, मी व्यवहाराचं सांगतो. आमच्या झेरॉक्सवाल्याशी असाच घोळ झाला होता. नोटीस गेल्यावर तो आठवड्यात बोलायला आला. गल्लीतले दोन जाणते बसवले, पण निर्णय तोंडी ठेवला नाही. विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज देऊन लोक अदालतीत दाखलपूर्व (म्हणजे दावा लावण्याआधीचं) प्रकरण म्हणून ठेवला. दोघांच्या सह्यांनी झालेल्या तडजोडीला तिथे कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकं बळ असतं, वर अपीलही नाही. किती तारखेला जागा सोडणार, किती थकबाकी सोडून देणार, डिपॉझिटमधून किती कापणार, सगळं त्यात.

थोडं सोडावं लागतं. मी तीन महिन्यांचं भाडं सोडलं. बायको अजून ऐकवते, पण दुकान हातात आलं. तुमचा मेकॅनिक दहा वर्षांची भाषा करतोय, पण त्यालाही गिऱ्हाइकांच्या गाड्या घेऊन कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या नसतात. स्कॅनरचं दुखणं खरं असेल तर त्याला छोटी, स्वस्त जागाच परवडेल. हे त्याला तुम्ही नका सांगू, आप्पांकडून जाऊ द्या. तो त्यांचंच ऐकेल.

कुपवाडकर

बरं बाबा, वायर मागे घेतली. पण त्या गाड्यांचं कुणीच सांगितलं नाही.

काळा कोट

हो, तो मुद्दा महत्त्वाचा. त्या गाड्या मेकॅनिकच्याही नाहीत आणि तुमच्याही नाहीत. त्यांना हात लावायचा नाही, भंगारात तर अजिबात नाही. कुणी चोरीची तक्रार दिली तर गाडी तुमच्या गाळ्यात सापडेल. आत्ताच रस्त्यावरून, शटर उघडं असताना, नंबरप्लेट दिसतील असे फोटो काढून ठेवा. तडजोडीत स्वतंत्र कलम घाला: अमुक तारखेपर्यंत सर्व गिऱ्हाइकांच्या गाड्या मेकॅनिक स्वतः हलवेल, त्यांची जबाबदारी त्याची, आणि एकही गाडी आत असेल तर ताबा दिला असं धरायचं नाही. डिपॉझिटची उरलेली रक्कम त्यानंतरच.

किल्ल्या हातात आल्या तरी ताबा पावती लिहून घ्या. तारीख, वेळ, दोन साक्षीदार, गाळा पूर्ण रिकामा मिळाल्याचा उल्लेख. सबमीटरचं रीडिंगही त्याच कागदावर टाका, आणि जिन्याखालचे ऑईलचे डबे न्यायला लावा. ते नेहमी राहून जातात.