नुसतं 'मालक' म्हणून जाहीर करून मागितलं तर दावा चालतो का?

बांधावरची:
वाई तालुक्यात आमची २२ गुंठे जमीन. वडिलांनी १९८४ साली नोंदणीकृत खरेदीखताने घेतलेली. ते गेल्यावर २०२३ मध्ये चुलत्यांनी फेरफार करून सातबाऱ्यावर एकट्याचं नाव लावून घेतलं. मग विहिरीकडचे ८ गुंठे नांगरले आणि मोटारीच्या पेटीला स्वतःचं कुलूप घातलं. उरलेल्या १४ गुंठ्यांत आमचीच ज्वारी उभी आहे.
२०२४ मध्ये दावा लावला, तोही एवढाच की आम्ही मालक आहोत असं जाहीर व्हावं. आईचं म्हणणं, "भांडण नको. जमीन ह्यांची होती, एवढं कोर्टानं म्हणावं." आता चुलत्यांच्या कैफियतीत, म्हणजे कोर्टातल्या लेखी उत्तरात, आलंय की ताबा मागितला नाही, दावा फेटाळा. खरंच असं होतं?

दिवाणी_वकील:
होतं, ताई. विशिष्ट साहाय्य कायदा १९६३, कलम ३४. हक्क कोणी नाकारत असेल तर कोर्ट तो जाहीर करू शकतं, पण ताबा किंवा मनाई अशी पुढची दाद मागता येत असून मागितली नाही, तर तसा हुकूम देता येत नाही. १८७७ च्या कायद्यातही कलम ४२ मध्ये हीच अट होती.
तुमच्या जमिनीचे दोन भाग धरा. १४ गुंठ्यांना जाहीर हक्क आणि निरंतर मनाई, म्हणजे चुलत्यांनी अडथळा करू नये असा कायमचा हुकूम. ८ गुंठ्यांना जाहीर हक्क, ताबा आणि मनाई. अनाथुला सुधाकर (२००८) निकालात सुप्रीम कोर्टाने हेच उलगडून सांगितलंय, वकीलसाहेबांना दाखवा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम १७ खाली दाव्यात दुरुस्तीचा अर्ज पुरावा सुरू व्हायच्या आत द्या. नंतर 'आधी का नाही मागितलं' याचं उत्तर द्यावं लागतं. मुदतीची भीती नको, मालकीवरून ताबा मागायला १२ वर्षं असतात.

निवृत्त_बेलिफ:
लोक हुकूमनाम्याची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत घालून आमच्याकडे यायचे आणि विचारायचे, "कुलूप काढायला कधी येता?" कागदावर मालक म्हणून नाव असायचं, ताबा द्या असं कुठेच लिहिलेलं नसायचं. मग दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, कशाची लावणार? आईंना हे नीट समजावा.
आणखी एक. चुलत्यांनी कोणाला खरेदी दिली असेल तर त्यालाही प्रतिवादी करा. हक्क जाहीर करणारा निकाल दाव्यातल्या पक्षकारांवर आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांवरच बंधनकारक असतो.

बांधावरची:
कोर्टाने वादाचे मुद्दे अजून काढलेले नाहीत, म्हणजे पुरावाही सुरू नाही. आईला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "विहीर ह्यांनी खणली. तीही माग." सोमवारी दुरुस्तीचा अर्ज देतोय, ८ गुंठ्यांचा नकाशा जोडून.