प्रतिसाद: उंच माणसाला रोलर कोस्टर जमतो का?

लातूरच्या दादांनी विचारलंय, सहा फूट चार इंचाच्या भाच्याला खोपोलीच्या इमॅजिका मनोरंजन उद्यानात नेऊ का. बिनधास्त न्या! मी नांदेडचा, उंची तेवढीच.

तिथल्या नायट्रो या रोलर कोस्टरला पायाखाली फळीच नाही, पाय मोकळे लोंबतात, गुडघे अडकत नाहीत. खरा प्रश्न धडाचा. खांद्यांवरून येणारा दांडा पुरता खाली येऊन कुलूप बसलं पाहिजे. लांब पायांपेक्षा लांब पाठ जास्त नडते. म्हणून कंबर पार मागे सरकवून, पाठ आणि डोकं टेकवून बसायला सांगा. पोक काढून बसलं की वळणावर मान हिसकते. दांडा बसलाच नाही तर उतरायचं, तिथं हुज्जत नको. आपल्या जत्रेतल्या ब्रेकडान्स पाळण्याला मात्र नेऊ नका, पुढच्या दांडीवर नडगी सोलून निघते. तिकिटाआधी कमाल उंचीची अट फोनवर विचारून घ्या.