मदत हवी आहे : मजबूत कोयता सुचवा, शनिवारी निघायचंय

निनाद_डोंबिवली | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मजबूत कोयता हवा आहे. याआधी ऑनलाइन एक मागवला होता. काळं पातं, रबरी मूठ, फोटोत एकदम भक्कम. दुसऱ्या दिवशी पातं मुठीत खुळखुळायला लागलं आणि तिसऱ्या दिवशी निसटून मागे उडालं. मागे माझी मुलगी उभी होती. तिच्या कानाजवळून गेलं. पैसे परत मिळाले नाहीत, ते जाऊ दे. मग शेजाऱ्यांचा कोयता मागून घेतला, तर तोही चालेना. घाव बसतच नाही, घसरतो. बजेट दीड हजार. पातं किती जाड असावं? नाव किंवा लिंक द्या. वेळ नाही हो.

रानवारा | रात्री १०.५८

कशासाठी हवाय ते लिहिलंच नाहीत. ट्रेकला नेणार असाल तर नेऊ नका, अगदी कळकळीने सांगतो. वासोटा कोयना अभयारण्यात येतो, हरिश्चंद्रगड-रतनगड कळसूबाई अभयारण्यात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३१ : परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन शिरता येत नाही. पायवाटेवर आलेली फांदी हाताने बाजूला करायची आणि पुढे जायचं.

निनाद_डोंबिवली | रात्री ११.०५

ट्रेक नाही. गावी जायचंय. झाडी तोडायची आहे.

मधुरा_सातारा | रात्री ११.२०

गाव कुठलं? देशावर की कोकणात? आणि झाडी म्हणजे नेमकं काय? रानमोडीचं झुडूप, करवंदाची जाळी, बांबू आणि मनगटाएवढं खोड या चारही गोष्टींना चार तऱ्हेचं पातं लागतं. आमच्याकडे ऊसतोडीचा कोयता मिळतो, पातळ आणि हलका. दिवसभर चालवला तरी हात भरून येत नाही, पण तो रसाळ कांड्यासाठी. करवंदीच्या बुडख्यावर मारलात तर धार दुमडेल.

नाना_कुडाळ | मंगळवार, सकाळी ६.१५

ऑनलाइन कोयतो कित्याक मागवलंस रे बाबा? गावात लोहार मेलो काय? ट्रकचो जुनो पाटो घेऊन जावचा, तो समोर बसान करून देता.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. कोयता विकत घ्यायचा नसतो, ट्रकचा जुना पाटा (चाकावरच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी) लोहाराला नेऊन करून घ्यायचा असतो. माझा कोयता एकवीस वर्षांचा आहे. शेत भाजायला लागणारं कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडलं, बागेची बेणणी म्हणजे तण-झुडपांची सफाई केली, माडाची झापं तोडली. मूठ तीनदा बदलली, पातं तेच. पावसाळ्यात रोज संध्याकाळी पुसून खोबरेल लावायचं, बास.

धातू_आणि_मी | सकाळी ९.३०

नानांचा अनुभव मान्य, पण सरसकट "पाट्याचा घ्या" म्हणणं धोक्याचं आहे. मी पोलाद कडक करण्याच्या कामात आहे. पाट्याचं पोलाद उत्तमच असतं, साधारण अर्ध्या टक्क्याच्या वर कार्बन असतो. पण जुन्या पाट्याने लाखो हेलकावे खाल्लेले असतात, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. शिवाय भट्टीत ताव किती चढला ते लोहार नजरेने ठरवतो. एक पातं चांगलं निघतं, दुसरं काचेसारखं ठिसूळ. त्यापेक्षा ब्राझीलच्या ट्रामोन्टिना कंपनीचं पातं घ्या. दोन मिलिमीटरच्या आसपास जाड, लवचीक, प्रत्येक नग सारखा.

नाना_कुडाळ | सकाळी ९.५२

दोन मिलिमीटर? त्याने ऐनाची फांदी तुटेल? आमच्या लोहाराचा आजा तेच करत होता, बाप तेच. लोहाराची पडवी अंधारी का असते माहीत आहे? लोखंडाचा रंग नीट दिसावा म्हणून. लालचा नारिंगी कधी होतो ते त्याला तुमच्या यंत्राइतकंच कळतं.

धातू_आणि_मी | सकाळी १०.१०

अंधाराचं कारण अगदी बरोबर आहे नाना, त्याबद्दल वाद नाही. पण असे हात आता किती उरलेत? बाजारात बसलेला प्रत्येक जण तुमच्या लोहारासारखा नाही. म्हणून घेणाऱ्याने स्वतः तपासावं. निनाद, एक बारीक कानस खिशात ठेवा. धारेवर हलकी फिरवा. खडूवर चालावी तशी सरसर खाल्ली तर पातं मऊ, धार दुमडणार. काचेवरून सटकावी तशी सटकली तर फार कडक, दगडाला लागलं की तुकडा उडणार. किंचित अडखळत खायला हवी. आणि लोहार पाणी देतो, म्हणजे तापलेलं पातं पाण्यात बुडवतो, तेव्हा बघा. संपूर्ण पातं बुडवत असेल तर त्याने नंतर पुन्हा हलका ताव देऊन कडकपणा उतरवायलाच हवा. फक्त धारेची बाजू बुडवून पाठ मऊ ठेवणारा माणूस जाणकार.

नाना_कुडाळ | सकाळी १०.१८

आमचा फक्त धारच बुडवतो.

धातू_आणि_मी | सकाळी १०.२०

मग त्यांना माझा नमस्कार सांगा. मनापासून.

ग्रासकटर_प्रेमी | सकाळी ११.०२

कोयत्याच्या फंदात पडूच नका. ग्रासकटर भाड्याने घ्या. तीन दिवसांचं काम तीन तासांत. मी दापोलीला दोन एकर आंबा कलमांत दरवर्षी फिरवतो. माझ्या मशीनबद्दल विचारायचं असेल तर विचारा.

मधुरा_सातारा | सकाळी ११.१५

करवंदाच्या जाळीत ग्रासकटर? काटेरी वेल दांड्याला गुंडाळत जातो, आणि कातळावर पातं आपटलं की खडे तोंडावर येतात. गवतासाठी ठीक आहे. निनाद, तुम्ही अजून झाडी कसली ते सांगितलेलं नाही!

निनाद_डोंबिवली | दुपारी १.३०

क्षमा, कामावर होतो. राजापूर तालुका. घर बारा वर्षं बंद होतं, आता दुरुस्त करतोय. घरापासून विहिरीपर्यंतची पाणंद पूर्ण बुजली आहे, अंदाजे दीडशे पावलं. रानमोडी डोक्याच्या वर गेली आहे, टणटणी, करवंद, मधे मनगटाएवढी खोडं. विहिरीशी बांबूचं बेट. पंप बसवणारा रविवारी येणार आहे, तोपर्यंत वाट मोकळी हवी. म्हणून घाई.

वकिली_वही | दुपारी १.५५

दोन गोष्टी. पहिली : वाटेतलं प्रत्येक खोड तोडण्याआधी झाड ओळखा. महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायदा १९६४ नुसार आंबा, फणस, साग, खैर, ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा अशी झाडं स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. रानमोडी-टणटणीला कोणी विचारत नाही. दुसरी : कोयता शेतीचं अवजार आहे, घरात ठेवायला परवाना लागत नाही. पण पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचा आदेश असेल तिथे उघडा घेऊन फिरलात तर अडचण होईल. ट्रेनने डोंबिवलीहून नेऊ नका. गावातच घ्या, गावातच ठेवा.

पुण्याहून_सई | दुपारी २.१०

मी गेल्या वर्षी परसबागेसाठी कोयता घ्यायला गेले तर दुकानदाराने आधारकार्ड मागितलं. वाईट वाटलं, पण इथे पुण्यात कोयते घेऊन फिरणाऱ्या टोळ्यांचं जे चाललंय ते बघता त्याचंही बरोबर आहे.

क्वालालंपूरकर | दुपारी ३.४०

इकडे मलेशियात पारांग नावाचा कोयता वापरतात, त्यावरून सांगतो. दक्षिण अमेरिकेतली मॅशेटी पातळ, कारण तिकडे ओलं, मऊ रान सपासप कापायचं असतं. पारांग जाड, धारेचा उतार फुगीर, कारण इथे कठीण लाकूड. फुगीर उताराचं पातं खोडात अडकून बसत नाही. म्हणजे धातूवाले दादा आणि नाना दोघंही आपापल्या झाडीपुरते बरोबर आहेत. रानमोडीला पातळ, मनगटाएवढ्या खोडाला जाड. एकच घ्यायचा असेल तर पाठीशी चार-पाच मिलिमीटर आणि धारेकडे निमुळता होत गेलेला घ्या.

फुरसं_घोणस | दुपारी ४.०५

पात्याच्या जाडीवर इतकं लिहिलंत, सापाबद्दल एक ओळ नाही! राजापूर म्हणजे फुरशाचा मुलूख. लहानसा साप, पालापाचोळ्यात दिसतसुद्धा नाही. डाव्या हाताने फांदी धरून उजव्याने तोडू नका. बेचक्याची लांब काठी घ्या, तिने फांदी ओढून धरा, मग घाव घाला. गुडघ्यापर्यंत गमबूट. चावलाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. पाय हलू न देता थेट दवाखाना. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर चालते. जवळच्या आरोग्य केंद्रात ती आहे का, हे शुक्रवारीच फोन करून विचारा.

रानमोडी_मुक्त | दुपारी ४.३०

नुसती तोडून काय होणार? रानमोडी बुंध्यातून पुन्हा दुप्पट फुटते. फुलोऱ्याआधी मुळासकट उपटा. टणटणीसाठी टिकावाने जमिनीखाली तीन-चार बोटं खणून मुख्य मूळच तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा. आम्ही चार वर्षं हेच करतोय, आता गवत परत आलंय.

निनाद_डोंबिवली | संध्याकाळी ७.१०

सगळ्यांचे आभार, पण मला अजून कळलेलं नाही की घेऊ काय. शेजाऱ्यांचा कोयता लोहाराकडचाच होता, जाड, जड, पाट्याचाच म्हणाले. तरी घाव घसरत होता. म्हणजे लोहाराकडचा पण बेभरवशाचाच ना?

माडावरचा | रात्री ८.२५

घसरत होता म्हणजे कुठे जात होता? वर, खाली की तुमच्याकडे?

निनाद_डोंबिवली | रात्री ८.३१

खोडाला लागून बाहेर सटकायचा आणि उजव्या गुडघ्याच्या दिशेने खाली यायचा. शेजारी स्वतः चालवत होते तेव्हा मात्र एका घावात तुटत होतं. मला वाटलं सवय नाही म्हणून.

माडावरचा | रात्री ८.३४

तुम्ही डावखुरे आहात का?

निनाद_डोंबिवली | रात्री ८.३६

हो. त्याचा काय संबंध?

माडावरचा | रात्री ९.०२

सगळा संबंध तोच आहे. शेजाऱ्यांच्या कोयत्याला धार एकाच अंगाने असणार. एका बाजूला उतार, दुसरी बाजू सपाट. उजव्या हाताने तिरका घाव घातला की उतार बाहेरच्या अंगाला राहतो, सपाट बाजू बुंध्याकडे राहते, पातं आत शिरतं. तोच कोयता डाव्या हातात घेतला की उतार बुंध्याकडे येतो. लाकूड त्या उताराला ढकलतं आणि पातं बाहेर फेकलं जातं. माझा भाऊ डावरा. त्याला वडलांनी लहानपणी घरचा कोयता दिला आणि महिनाभर "तुला जमत नाही" म्हणून बोलणी दिली. शेवटी एका लोहारानेच त्याचा हात बघून ओळखलं. त्या दिवसापासून त्याचा कोयता वेगळा.

लोहाराला जाताच सांगा, डाव्या हाताचा. नाहीतर दोन्ही अंगांनी सारखा उतार मागा. तो कोणालाही चालतो, म्हणजे घरात दुसऱ्यालाही वापरता येईल.

आता मूठ, कारण मुलीच्या बाबतीत जे झालं ते वाचून झोप लागणार नाही. पात्याचं शेपूट मुठीच्या आरपार गेलेलं असावं आणि मागच्या टोकाला ठोकून वळवलेलं असावं. ते टोक बोटाला लागतं, चाचपून बघा. मुठीच्या तोंडाशी लोखंडी कडी हवी. लाकूड पेरूचं मिळालं तर उत्तम, घामाने निसरडं होत नाही. आणि वापरण्याआधी रोज पातं दगडावर हलकं टेकवून ऐका. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं की मूठ सुटत आली समजा, त्या दिवशी काम बंद.

नाना_कुडाळ | रात्री ९.१५

मी पन्नास वर्षं कोयता धरतोय, डावऱ्याचा विचार कधी मनात आला नाही. बरोबर बोललात.

धातू_आणि_मी | रात्री ९.२०

मीसुद्धा फक्त पोलादच बघत बसलो.

गोंयकार_दिगू | बुधवार, सकाळी ८.४०

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतात छान कोयते.

मधुरा_सातारा | सकाळी ८.५५

ते राजापूरला आहेत हो.

निनाद_डोंबिवली | पुढचा बुधवार, रात्री ९.४५

कळवायला उशीर झाला. शुक्रवारी रात्रीच निघालो, शनिवारी सकाळी लोहाराच्या दारात. डावखुरा आहे म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्या हातात एक काठी दिली आणि अंगणातल्या ओंडक्यावर तीन वेळा मारायला लावली. काही बोलले नाहीत, फक्त मनगटाकडे बघत होते. मग माझी मूठ स्वतःच्या हातात धरून पेरूचं लाकूड तेवढं तासलं. दोन्ही अंगांनी उतार, फक्त धार पाण्यात बुडवली. चुर्र आवाज झाला, आणि त्यांनी धार दगडावर घासून माझ्यापुढे धरली. पांढऱ्या पट्टीवरून पिवळा रंग सरकत गेला, मागोमाग जांभळा, आणि त्यांनी झटकन पुन्हा पाण्यात घातला. कानस अडखळत खाल्ली. साडेसातशे रुपये घेतले. कोयता अडकवायची आकडीही दिली कमरेला बांधायला, तिचे पैसे घेतले नाहीत.

पहिला घाव करवंदीच्या बुडख्यात बसला तेव्हा मी तिथेच थांबलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा अवजार माझ्या बाजूने चाललं. शनिवार दुपार ते रविवार दुपार, पाणंद मोकळी झाली. वाटेत एक किंजळ निघाला, तो ठेवला आणि वाट वळवली. बेचक्याची काठी होती म्हणून एक फुरसं लांबूनच दिसलं. वीस पावलं मागे वाटेवर आडवी दोरी बांधली होती आणि मुलीला त्या दोरीच्या पलीकडे उभं केलं होतं. विहिरीला पाणी आहे, काठावरची पायरी तशीच शाबूत आहे.

फक्त बांबूचं बेट राहिलंय. त्याला हाच कोयता चालेल की वेगळा लागेल? पुढच्या शनिवारी परत जातोय.

माडावरचा | रात्री ९.५८

बांबू कुठला? चिवा की मानगा? आणि ओला तोडायचाय की वाळलेला?