डोक्याला मार लागला तर आधी फॅक्टर, मग स्कॅन

निरंजना
माझ्या मुलाला गंभीर हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त गोठायला लागणारं फॅक्टर आठ हे प्रथिन शरीरात जवळजवळ नाहीच. त्याची पातळी नॉर्मलच्या १ टक्क्याच्याही खाली. गेल्या महिन्यात तो जिन्यावरून पडला, कपाळ आपटलं. आपत्कालीन विभागात पोचले तेव्हा फॅक्टरचं इंजेक्शन माझ्या पिशवीत होतं. "आधी सीटी होऊ दे, रक्तस्राव दिसला तर देऊ," असं सांगितलं. नंबर लागेपर्यंत पावणेदोन तास गेले! सुदैवाने काही निघालं नाही. पण मेंदूत रक्तस्राव सुरू असता तर तेवढा वेळ तो तसाच वाहत राहिला असता.
माझं म्हणणं सरळ आहे. डोकं, मान किंवा पोटाला जोराचा मार असेल तर फॅक्टर आधी. किलोला ५० युनिट दिले की पातळी १०० टक्क्यांच्या आसपास जाते. माझ्या २४ किलोच्या लेकराला १२०० युनिट. स्कॅन निर्मळ आला तर एक डोस जादा गेला, इतकंच.

अभंग
ताई, त्या 'इतकंच'शी सहमत नाही. गंभीर हिमोफिलिया ए असलेल्या साधारण ३० टक्के जणांच्या शरीरात फॅक्टरविरुद्ध इनहिबिटर, म्हणजे त्याला निकामी करणारी प्रतिपिंडं, तयार होतात, तेही बहुधा सुरुवातीच्याच डोसांमध्ये. माझ्या धाकट्या भावाला झाले. आता त्याला नेहमीचं फॅक्टर आठ लागूच पडत नाही, फॅक्टर आठशिवाय रक्त गोठवणारं बायपासिंग औषध द्यावं लागतं. रांगतं मूल दिवसातून चारदा आपटतं. प्रत्येक टेंगळाला पूर्ण डोस द्यायचा? आणि अनोळखी डॉक्टरांनी नातेवाइकांच्या पिशवीतलं औषध टोचावं, ही अपेक्षा मला तरी धोक्याची वाटते.

निरंजना
टेंगळाचं नाही म्हणत मी. जिन्यावरून पडण्याचं म्हणतेय. आणि मूल खेळतंय म्हणून निर्धास्त कसं राहायचं? लक्षणं कधी कधी दोन-तीन दिवसांनी दिसतात.

रात्रपाळी
मी आपत्कालीन विभागात डॉक्टर आहे. निरंजनाताईंचं बरोबर आहे. डोक्याला मोठा मार असेल तर तपासणीसाठी उपचार थांबवायचे नसतात. मात्र फॅक्टर दिलं म्हणून स्कॅन टाळू नका. पेंग, वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, चिडचिड यांतलं काहीही दिसलं तर पुन्हा या.
अभंग यांचा मुद्दा मात्र मला रोज नडतो. इनहिबिटर आहेत की नाहीत हे समोरच्याला माहीतच नसतं. शिवाय रुग्ण एमिसिझुमॅबवर (रक्तस्राव टाळायला नियमित घ्यायचं इंजेक्शन) असेल तर रक्त गोठण्याची एपीटीटी चाचणी नॉर्मल दिसते, आणि नवखा डॉक्टर "रक्त ठीक गोठतंय" म्हणून घरी पाठवतो. अशा रुग्णाला बायपासिंग औषधांपैकी एपीसीसी जास्त दिलं, तर गुठळ्यांचा धोका. प्रकार, वजन, इनहिबिटर, चालू औषध आणि उपचार केंद्राचा फोन एवढं कार्डावर लिहून आणा, मला पाच मिनिटांत डोस देता येतो.

अभंग
कार्ड पटलं, भावाचं आजच करतो. पण किती जोराचा मार म्हणजे 'मोठा', हे रात्री दोन वाजता घाबरलेल्या आईने ठरवायचं का?

रात्रपाळी
नाही. शंका आली की केंद्राला फोन करायचा. फोन लागला नाही तर मोठाच समजायचा.